चतुर्थीच्या दिवशी आलेली सुरमई

सकाळीच लाईट गेलेली. मी साबुदाण्यात दाण्याचं कूट कालवत होते, सासूबाई देवापुढं दुर्वांची जुडी बांधत होत्या. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दार उघडलं तर मासेवाली फहमिदा. एरवी थेट उंबऱ्याशी येऊन टेकणारी ही बाई थाप मारून पुन्हा जिन्याच्या पायऱ्या उतरून उभी राहिली होती.

"खोकं खाली गाडीवरच ठेवलंय, ताई. वर आणलं नाय."

फहमिदा मूळची सिल्लोडची, लग्न होऊन इकडं गारखेड्यात आली. नवरा फारूख मक्याची पोती वाहणारी गाडी चालवायचा. त्याची कंबर गेली तेव्हापासून ही स्कूटीवरून जायकवाडीचे रोहू-कटला घरोघर पोचवते. समुद्र तिनं अजून पाहिलेला नाही. पण कोकणातून बदली होऊन आलेल्या एका घरानं सुरमई मागितली आणि हिनं ती मुंबईहून मागवली; मग आमच्यासारख्या आणखी काही घरांनीही घेतली.

पहिल्या खेपेला तिनं सुरमई रोहूसारखीच खसाखसा खरवडली. सुरमईला खरवडण्याजोगी खवलं नसतातच. नाजूक कातडी निघून आली आणि तव्यावर तुकड्यांचा भुगा झाला. "भुर्जी छान झालीय," असं आमच्या ह्यांनी ऐकवलं, तेही तिच्यादेखत. दुसरी कुणी असती तर समुद्राचं नाव टाकलं असतं. हिनं मुंबईच्या कोळणीला व्हिडिओ कॉलवर मासा कापून दाखवायला लावला आणि पुढच्या खेपेला, ज्यांचं बिघडलं होतं त्यांच्याच घरी आधी गोल, नीट तुकड्या नेऊन दिल्या.

आजची सुरमई बुधवारी यायची, ती ट्रॅव्हल्सनं मंगळवारीच येऊन पडली. त्यात चतुर्थी, तीही अंगारकी. सांगून ठेवलेल्या घरांपैकी एकही आज घेईना, आणि लाईट नाही म्हणून बर्फाचा कारखाना बंद.

"सर्जेरावाच्या ढाब्यावर देऊन टाक ना," मी म्हटलं.

"मागतोय की तो. पण त्याच्या लाल रश्श्यात बुडवल्यावर सुरमई काय अन् रोहू काय? नाय ताई. उद्याचा शब्द दिलाय, उद्याच देणार, अन् चांगलीच देणार. एकदा वास आला तर ह्या वस्तीत माझ्याकडून समुद्राचा मासा परत कुणी घेईल का?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "फहमिदा, आज चतुर्थी हाय. ध्यानात हाय ना?"

"हाय आजी. म्हणून तर जिन्यात उभी हाय. तुमच्या गणपतीला मासा दिसू बी दिला नाय."

"मग पाहिजे काय तुला?"

मी जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं. गेटजवळच्या सावलीत स्कूटी उभी होती आणि पांढऱ्या खोक्याखाली पाण्याचं थारोळं पसरत चाललं होतं. फहमिदानं ओढणीनं तोंड पुसलं.

"मासा माझ्यापाशीच राहू द्या. तुमच्या फ्रीजमधला बर्फ तेवढा द्या."