ढोल ऐकू येईल तिथवर

विचारल्याशिवाय कशालाही हात न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माणसांना विचारणारे पुष्कळ असतात. हे आबाजी दगडालाही विचारत. परतवाड्याच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याशी त्यांचं कोरकू लोकांचं गाव. बसायचं झालं तर आधी दगडावर तळवा टेकवायचा, ओठ हलवायचे, क्षणभर थांबायचं आणि मग टेकायचं. पळसाचं पान तोडताना पळसाला, पाणी भरताना झऱ्याला, दूध काढताना शेळीला विचारायचं. एसटीत चढताना पायरीला हात लावून ते असेच पुटपुटत, आणि मागे रांग खोळंबली की कंडक्टर ओरडे, "चढा ना बुढेबा, गाडी नाई म्हनत नाई कोनाले." पण आबाजींचा अनुभव वेगळा होता. त्यांना नकारही मिळत. जळण आणायला गेलेले आबाजी दुपारी रिकाम्या हाताने परत येत आणि शांतपणे सांगत, "आज झाड नाई म्हने." यावर आजी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणत, "झाडाले इचारते. लगनाच्या वक्ती मले इचारलं होतं का?" आबाजी उठून शेळीकडे जात.

त्यांची माझी ओळख झाली ती कामामुळे. माझे आईबाबा मोर्शीच्या बाजारात भाजी विकतात. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मला फॉर्म भरायचं काम मिळालं. आबाजींच्या गावामागच्या टेकडीवर गिट्टीची खदान होणार होती, आणि त्याआधी गावाची श्रद्धास्थानं कोणती, हे गावालाच विचारून नोंदवायचं होतं. आमचे साहेब पुण्याचे. माणूस सज्जन, पण वऱ्हाडी त्यांना अर्धीच कळे. आबाजी तरुणपणी मोर्शीकडे संत्रे तोडायला येऊन येऊन वऱ्हाडी शिकलेले. त्यामुळे त्यांचं साहेबांना सांगायचं आणि साहेबांचं त्यांना, हे माझ्याकडे आलं. माझ्या हातात पेन पाहून त्यांनी मला पहिल्याच दिवशी "मास्तरीन" करून टाकलं.

कोणीतरी विचारायला आलंय, याचा त्यांना इतका आनंद झाला की ते धुतलेलं पागोटं बांधून आले. त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच समोरून कोणी विचारत होतं. साहेबांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मग फार अदबीने म्हणाले, "साहेब, आन् आमी नाई म्हनलो तं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मकडे पाहिलं. साहेब म्हणाले, तुमच्या भावना नक्की वर कळवू. मी ते सांगितलं. आबाजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "नाई म्हनता येत नाई, तं ते इचारनं कायचं? सांगनं झालं थे."

तरीही त्यांनी आम्हाला टेकडीवर नेलं. माथ्यावर मोहाच्या झाडाखाली सागाचे जुने खांब उभे होते. गावातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने कोरलेले, वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. साहेबांनी विचारलं, ही जागा कुठपर्यंत धरायची? आबाजींनी धाकट्या भावाला खांबांपाशी ढोल घेऊन बसवलं आणि आम्हाला म्हणाले, चला. ढोल जिथवर ऐकू येतो तिथवर ही खांबांमधली माणसं ऐकतात, म्हणून तिथवर जागा त्यांची. मग आम्ही चालायला लागलो. पन्नास पावलांवर आबाजी थांबत, कानाला हात लावत, "येते?" मी म्हणे, येते. धापा टाकत साहेबही म्हणत, येते. पलीकडच्या नाल्यात आवाज विरला, तिथे आबाजींनी खुणेचा गोटा ठेवला, अर्थात गोट्याला विचारून. अशा चारी दिशा झाल्या. अख्खी टेकडी आत आली. आबाजी इतके खूश होते की परतताना त्यांनी साहेबांच्या जीपलाही विचारून टाकलं आणि पुढच्या सीटवर बसले.

फॉर्मवर मात्र जागेपुढे एकच रकाना होता, चौरस मीटरचा. खांब जेवढ्यात आहेत तेवढं टेपने मोजलंय ना, ते लिही, साहेब म्हणाले. मी पेन धरून बसून राहिले. ढोलाचं कुठेतरी लिहू का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही. दहा गुणिले दहा, असं लिहिलं. अक्षर माझंच.

पुढच्या वर्षी मी एकटीच गेले. खांबांभोवती दहा बाय दहाचं हिरवं जाळीचं कुंपण होतं आणि कुंपणापासून हाकेच्या अंतरावर टेकडी संपली होती. खाली क्रशर धडधडत होता. मी आबाजींना सगळं सांगून टाकलं. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. "तुह्या रकान्यात मावलं तेवढं तू लिवलं," ते म्हणाले, आणि भावाला ढोल वाजवायला सांगितलं. आम्ही चालायला लागलो. कुंपण ओलांडलं आणि क्रशरच्या आवाजात ढोल गेला. आबाजी हसले. "पाह्य मास्तरीन, तुहं माप बराबर निंगालं."

मला हसता आलं नाही.

क्रशर मंगळवारी बंद असतो. त्या दिवशी आबाजी वर जातात आणि भावाच्या मोबाइलवरून मला होस्टेलवर फोन लावतात. बोलत काहीच नाहीत. मागे ढोल वाजत असतो. मी खिडकीशी उभी राहते. खाली रिक्षा, भाजीच्या गाड्या, शिकवणीला जाणाऱ्या मुली. बऱ्याच वेळाने आवाज येतो, "येते?"

"येते, आबाजी."

गेल्या मंगळवारी ते जरा थांबून म्हणाले, "मंग एक गोटा ठेव तिथं. पन त्याले इचारून."

मी होस्टेलच्या फाटकापाशी गेले. रस्त्याच्या कामाची गिट्टी पडली होती. कुठल्या टेकडीची, कोण जाणे. त्यातला एक खडा उचलण्याआधी त्याच्यावर तळवा टेकवला आणि विचारलं. आता तो खिडकीत आहे. तो हो म्हणाला की नाही, ते मला अजून ओळखता येत नाही. आबाजींना विचारायला हवं.