कोऱ्या क्रिस्टलचा आलेख

थोरियमचं केंद्रक लेझरनं किंचित उत्तेजित करता येतं. लेझर बंद केला की ते हळूहळू शांत होतं, आणि तेव्हा बाहेर पडणारा, मंदावत जाणारा प्रकाश आम्ही मोजायचो. अडचण अशी की ज्या क्रिस्टलमध्ये थोरियम असतं, ते स्वतःही थोडं चमकतं. म्हणून थोरियम नसलेलं, कोरं क्रिस्टलही मोजावं लागतं.

माझा सीनियर सांगलीचा. पाच वर्षांनी त्याला एक देखणा आलेख मिळाला होता. कॉन्ट्रॅक्ट महिन्याभरात संपत होतं; वाढलं नाही तर पीएचडी अर्धवट टाकून परत भारतात, घरी. कोरं क्रिस्टल त्यानं मुद्दाम माझ्या हातात दिलं. "मला आता हवं तेच दिसतं. तू मोज."

मी मोजलं. प्रकाश मंदावण्याचा उतार अगदी त्याच्या आलेखासारखाच. लॅबच्या किचनमध्ये तो आमटी गरम करत होता, तिथेच सांगून टाकलं. डबा मायक्रोवेव्हमध्येच राहिला. "सोमवारच्या मीटिंगमध्ये मीच सांगतो," तो म्हणाला. "तोवर कोणाला बोलू नकोस, प्लीज."

सोमवारी त्यानं तोच देखणा आलेख लावला. प्रोफेसरांनी विचारलं, कोरं क्रिस्टल मोजलंत का?

"आल्झो..." इथल्या सवयीनं त्याच्या तोंडून जर्मन 'तर' निघालं. "एक मिनिट, त्याकडे येतोच."

माझं डोकं मुळातच लवकर फिरतं. मला वाटलं, हा वेळ मारून नेतोय. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मोजलंय. मी स्वतः. याला शुक्रवारपासून माहीत आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि खाली बसला. चुकलेला आलेख चालतो, लपवलेला नाही, एवढंच प्रोफेसर बोलले. कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. मी मात्र खरं बोलल्याच्या तोऱ्यात आठवडाभर फिरत होते.

मग त्यानं आपल्या सगळ्या फाइल्स मला दिल्या. सोमवारचं प्रेझेंटेशन मी सहज उघडलं. देखण्या आलेखाच्या पुढच्याच स्लाइडवर माझा आलेख होता, खाली माझं नाव, आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं: हा प्रकाश क्रिस्टलचा आहे, थोरियमचा नाही.

मला स्वतःची किळस आली. प्रोफेसरांच्या दारापर्यंत गेले. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपायला अजून दोन आठवडे होते. पण माझ्याही कॉन्ट्रॅक्टवर त्यांचीच सही लागणार होती. दार न वाजवता परत फिरले.

तो निघाला त्या दिवशी त्याचं सामान घेऊन मी स्टेशनवर गेले होते. गाडी लागली तेव्हा त्यानं विचारलं, "फाइल्स बघितल्यास?"

"नाही रे," मी म्हणाले. "वेळच मिळाला नाही."