येनू आणि वेणूबाई

माझ्या वाट्याला टाळ्या पुष्कळ आल्या. पण एका वाक्याची शिक्षा अजून भोगतो आहे, आणि ते वाक्य मी रंगमंचावर म्हटलेलं नाही.

मोरा बंदराच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. शाळेच्या व्हरांड्यात आधार कार्डाचं शिबिर भरलं होतं. रांगेत माझ्यापुढे चुलतबहीण होती. टेबलामागच्या बाईंनी नाव विचारलं.

"येनू धर्मा घरत."

मी मागून खड्या आवाजात दुरुस्ती केली, "वेणूबाई! बाणातला ण!"

तरुणपणी ‘पानी’ म्हणालो म्हणून नाटक मंडळीत माझी फार टिंगल झाली होती. माझ्या बहिणीला कोणी हसू नये, एवढंच मनात होतं. रांग हसली. तीही पदरात हसली, "दादानी माना नाटकातली बाई केली!"

त्याच्या कितीतरी आधी, नाटक मंडळी बुडाली तेव्हा मी गावी परतलो होतो. चार महिने मला पोसलं ते येनूने, स्वतःच्या शेतातल्या लाल तांदळाच्या भाकरीवर. खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध तेव्हा सगळं गाव मिळून दर उन्हाळ्यात लिंपायचं. पुढे एकेकाने जमिनी विकल्या. तिचा नवरा धर्मा वारला. बांधावर येनू एकटी उरली. सत्तरीतही ती डोक्यावरून चिखल वाहायची.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या उधाणाने बांध फुटला. पंचनामा झाला, अनुदानाच्या यादीत नाव आलं. त्या पैशांत दोन दिवस जेसीबी लावून भगदाड बुजवता आलं असतं. नाही बुजवलं, तर शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, रुजणार. ती एकदा रुजली की कायद्याने तोडता येत नाहीत.

तहसील कार्यालयातल्या कारकुनाने तिचे कागद शेजारी शेजारी ठेवले. "आजी, सातबाऱ्यावर येनू. आधारवर वेणूबाई. ही दोन माणसं झाली ना!"

मी पुढे झालो. आवाज लावला, हात जोडले, माझी चूक कबूल केली. तो बिचारा उठून उभा राहिला.

"आजोबा, मला पटतंय हो. कॉम्प्युटरला पटत नाही. टेन्शन घेऊ नका, सातबारा दुरुस्त करून आणा."

प्रतिज्ञापत्र, तलाठी, मंडळ अधिकारी. चौदा महिने गेले. मधे मी माझं कलावंत मानधन तिच्यापुढे ठेवलं. तिने पाकीट परत माझ्या खिशात कोंबलं. "तुमच्या गोल्यांना ठेवा. रोज खोकताव."

दुरुस्त सातबारा हाती आला तेव्हा त्या वर्षीची यादी बंद झाली होती.

"यंदाचं मिळेल," तलाठी म्हणाले, "पण शेतात उभ्या पिकाचा फोटो लागेल."

मी आता नेरूळला राहतो; तिथून मुद्दाम गावी गेलो. आम्ही बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर उभे राहिलो. समोर भात नव्हतं. गुडघाभर तिवरं, हिरवीगार, आणि त्यांच्या बुडाशी चिखलात पळणारे खेकडे. माझा मोबाइल हातातच राहिला.

येनूने पिशवीतून सातबारा काढला. तिला वाचता येत नाही. नावावर बोट ठेवून तिने विचारलं, "हाच ना?"

"हो. वेणूबाई."

"बरा हाय. पन शेत येनूचा होता, दादा. या बाईचा यात काय हाय?"

तिने कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि माझा दंड धरला.

"चला. पानी भराय लागला."