ढगांवर ढकललेलं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज समोरच्या गच्चीवरची साडी वाऱ्याविना निपचित लोंबताना पाहिली आणि मी खिडकी लावून घेतली. डोंगरातल्या त्या छोट्या हेलिपॅडवर, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी त्या दुपारी अशीच लोंबत होती.

मी तिथे पायलट होतो. विरळ हवेत हेलिकॉप्टरला जास्त वजन झेपत नाही, म्हणून आम्ही प्रवासी तोलूनच घ्यायचो. दर्शनाहून परतणाऱ्या एका जोडप्यापैकी एकालाच जागा होती.

"हिला आधी न्या," काका हसले. "वजन कमी, बडबड जास्त."

"तुम्हाला पुढच्या फेरीत नेतो, काका."

काकूंना खाली पायथ्याच्या तळावर उतरवलं. काकांना आणायला परत निघताना खिंडीत ढगाचा एक पुंजका दिसला. वाट मोकळी होती, तरी मी वायरलेसवर सांगून टाकलं, "हवामान बंद."

सकाळी वर गेलो. पॅडजवळच्या शेडमधले लोक आत बोलावत होते, पण मी येईन म्हणून काका रात्रभर पॅडच्या कडेलाच बसले होते. खांद्याला हात लावला, तर अंग थंडीने लाकूड झालेलं.

काकू मलाच म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार, दादा? ढगच आले."

ढगांवर काहीही ढकलता येतं. ते उलटून बोलत नाहीत.

वाट मोकळी होती, मी घाबरलो होतो. काकूंना एवढं सांगण्याचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.