आजी वाजतगाजत गेली नव्हती

"आपले वडील हे आपले वडील आहेत. संदर्भ नव्हेत," माझे मार्गदर्शक म्हणाले आणि प्रबंधातल्या एका अख्ख्या पानावर लाल काट मारली. शनिवार पेठेतला माणूस, आवाज न चढवता अपमान करतो. त्यांची सही झाल्याशिवाय प्रबंध जमा होत नाही.

विषय आमच्याच विश्रांतवाडीच्या वस्तीतलं धर्मांतर. त्या पानावर पप्पांची आठवण होती. आम्ही बौद्ध झालो तेव्हा पप्पा लहान होते. आजीने घरातले देव लुगड्यात गुंडाळले आणि नदीत सोडायला निघाली. वाटभर रडली. सोडल्यावर मात्र एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सरांनी पुढ्यात एक जाडजूड पुस्तक आपटलं. "हे वापरा. छापील आहे." त्यात लिहिलं होतं, लोक वाजतगाजत, आनंदाने नदीवर गेले. आधार काय? 'एका रहिवाशाची मुलाखत.' नाव नाही, गाव नाही. पण लेखक पडले सरांचे मित्र. आपला तो बाब्या!

डोक्यात तिडीक घेऊनच घरी आले. पप्पांना वाचून दाखवलं तर ते हसायलाच लागले.

"अगं, तो लेखक मलाच भेटला होता. आईचं रडणं सांगायला लागलो तर त्याचं पेनच थांबलं. म्हणाला, 'पण लोक वाजतगाजत गेले असतील ना?' मी म्हटलं, गेले असतील बाबा, लिहा. मला पाळीवर जायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सरांच्या तोंडावर सांगितलं, तो रहिवासी म्हणजे माझे वडील. वाटलं, आता तरी बोलती बंद होईल. कसलं काय!

"म्हणजे तेव्हा एक सांगितलं, आता दुसरंच," सर चष्मा पुसत म्हणाले. "असा साक्षीदार विश्वासार्ह कसा मानायचा?"

"मग त्याच साक्षीदारावर लिहिलेलं पुस्तक कसं विश्वासार्ह, सर?"

"आपण आवाज खाली ठेवा."

संतापाच्या भरात मी तडक जिना उतरले.

पप्पांना सांगायचं नव्हतं. पण जेवताना त्यांनी खोदून खोदून विचारलं.

"म्हणजे मी खोटारडा?" त्यांचा घास हातातच राहिला. "त्याला वाजतगाजत हवं होतं, दिलं. तू काहीच मागितलं नाहीस, म्हणून तुला आई सांगितली."

ते पान मी काढलेलं नाही. सरांनी सही केलेली नाही.