काकूंची पुढची सीट

"थांबा, उघडेल."

हे काकांचं ठेवणीतलं वाक्य. फोन चष्म्याजवळ धरायचा, अंगठ्यानं पडदा खाली ओढायचा, गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत राहायचं आणि हे म्हणायचं. उघडायची असायची ती विमानातली सीट. मुंबईहून मेलबर्नला जाणारी, पैशांऐवजी विमान कंपनीच्या पॉइंटांवर मिळणारी. पण वाक्य इतकं तोंडात बसलं होतं की मोशीच्या चौकात कंपनीची बस अडकली तरी ते हेच म्हणत आणि कँटीनची खिडकी बंद दिसली तरी हेच.

तुमच्याही कंपनीत असा एखादा माणूस असेल. आम्ही दोघं चाकणला डिस्पॅचमध्ये, राहायला दोघंही निगडीत, प्राधिकरणात. ते साहेब, मी हाताखालचा. पण त्यांना साहेब म्हटलेलं आवडायचं नाही, म्हणून सगळ्या शॉपचे ते काका. चेन्नईला माल टाकून ट्रक मोकळा परत आला तर त्यांचं जेवण गोड लागत नसे. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून ते परतीचा काहीतरी माल गळ्यात मारायचेच. "रिकामी गाडी बघवत नाही रे," म्हणायचे.

त्यांची एकुलती मुलगी मेलबर्नला. तिला मुलगी झाली आणि काकांचं हे विमानाचं खूळ सुरू झालं. कारण होतं काकूंची पाठ. मणक्याचं दुखणं जुनं. अर्धा तास बसल्या की भिंत धरून उठायच्या. इतका लांबचा प्रवास बसून करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. विमानात पुढे झोपायच्या सीट असतात, पण त्यांच्या तिकिटांचे दर आपल्यासारख्यांनी नुसते ऐकायचे. नात फोनच्या पडद्यावर रांगायला लागली, उभी राहिली, आणि काकू पडद्यावरच तिची दृष्ट काढायच्या.

मग कधीतरी मुलगी बोलता बोलता म्हणाली, की इकडे किराणा घेतला, पेट्रोल भरलं, तरी विमान कंपनीचे पॉइंट मिळतात आणि त्यावर झोपायची सीटसुद्धा मिळते. झालं! काका कामाला लागले. कुठल्या आठवड्यात कुठल्या दुकानात जास्त पॉइंट आहेत, हे निगडीतून मेलबर्नला कळवलं जाऊ लागलं. जावई बिचारा गरीब गाय. एकदा तुपाचे डबे इतके आले, की त्यानं फोन करून विचारलं, बाबा, आता पुरे करायचं का? काका म्हणाले, तूप काय खराब होतं का?

सकाळी बागेत ते बाकावर बसले की ज्यांची मुलं तिकडे आहेत असे सगळे आई-बाप भोवती जमत. कुठलं विमान बंद झालं, कुठलं नवीन सुरू होणार, कोणत्या कंपनीचं सामानाचं वजन बदललं, सगळं काकांकडून कळायचं. सांगवीहून एक निवृत्त मास्तर केवळ एवढ्यासाठी स्कूटरवर येत. एकदा कंपनीनं पॉइंटांचा भाव बदलला. त्याच सीटला आता जास्त पॉइंट लागणार होते. त्या दिवशी काकांनी डबा उघडलाच नाही. मी म्हटलं, "काका, घरात कोणी गेल्यासारखं काय बसलाय?" ते म्हणाले, "तुझ्या काकूला अजून वर्षभर थांबायला सांगायचंय. धीर नाही रे होत."

ते रिटायर झाले आणि त्याच हिवाळ्यात सीट उघडली. एकच. काकूंची पुढची झोपायची सीट पॉइंटांवर, काकांची मागची साधी, त्याच विमानात. अख्ख्या बिल्डिंगला त्यांनी पेढे वाटले. काकू मात्र कुरकुरत होत्या. नवरा मागे आणि आपण पुढे पाय पसरून, हे त्यांच्या गळी उतरेना. काका एकच सांगत होते, तुझी पाठ आधी.

परत आल्यावर काकांनी मला चहाला बोलावलं. तोंड फुगलेलं.

"पलंग रिकामा गेला, राव," ते म्हणाले. "इतकी वर्षं जमवून. थेट मेलबर्नपर्यंत रिकामा."

झालं होतं असं. विमान वर गेलं, पुढे काकूंसमोर पांढरं कापड अंथरून काचेच्या ताटल्यांत जेवण आलं. काकूंनी एक घास घेतला नाही. पाव आणि चॉकलेट त्या कापडातच बांधलं आणि मधला पडदा सारून मागे निघाल्या. हवाई सुंदरीनं गोड शब्दांत अडवलं, तर तिला मराठीतच काहीतरी सांगून पुढे सटकल्या. काका खिडकीशी एकटेच बसले होते, शेजारच्या दोन्ही सीट मोकळ्या. काकूंनी पुरचुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

मग त्या काही पुढे गेल्याच नाहीत. त्या दोन सीटांवर आडव्या झाल्या, डोकं काकांच्या मांडीवर. काकांच्या पायाला मुंग्या आल्या, पण ते हलले नाहीत.

हे सांगताना काकांचा आवाज चिडका होता आणि डोळे भरले होते. आतून काकू म्हणाल्या, "मला झोप छान लागली हो. पाठही दुखली नाही." मला हसू आवरेना. शेवटी काकाही हसले, इतके की चहा बशीत सांडला. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. बागेतल्या बाकावर आता कोणीही बसतं. मास्तर अजून एखाद्या सकाळी स्कूटरवर येतात, मला विमानाचं विचारतात आणि मला काहीच सांगता येत नाही.

या महिन्यात काकू मुलीकडे निघाल्या. मुलीनं राहिलेल्या पॉइंटांवर आईसाठी पुन्हा पुढचीच सीट काढली होती. काकूंनी ती बदलायला लावली. मुलगी रडली, रागावली, पण काकू बधल्या नाहीत. मी त्यांच्या बॅगा गाडीत ठेवत होतो, तेव्हा म्हटलं, काकू, पाठीचं काय करणार?

"मागची खिडकीची घेतलीय," त्या म्हणाल्या. "शेजारी कोणी आलं नाही म्हणजे बरं."

एवढी वर्षं डिस्पॅचला काढली, जागा रिकामी जावी असं कधी मनात आलं नव्हतं. त्या दिवशी मी देवापुढे हात जोडून तेवढंच मागितलं.

पोचल्यावर त्यांचा फोन आला. मी पहिलं तेच विचारलं.

"हो, रिकामीच होती शेवटपर्यंत," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण मी काही आडवी झाले नाही रे. तशीच राहू दिली."