लॅकीसाठी हलकी केलेली रायफल

हावेआ तळ्याच्या काठी ग्लेनिस डरवर्डला सगळे ओळखत ते तिच्या शेडमुळे. रायफल बिघडली की लोक तिच्याकडे येत, आणि बिघडलेली नसली तरी येत, कारण स्वतःचा नेम चुकला की दोष बंदुकीच्या माथी मारायची शिकाऱ्यांना खोडच असते. अशांना तिचा बाप लॅकी दारातूनच वाटेला लावायचा. "रायफल सरळच मारते रे. वाकडा आहेस तो तू." तरुणपणी सरकारी नोकरीत त्याने डोंगरावरची बेसुमार वाढलेली हरणं मारण्यात वर्षं घालवली होती. त्याच्या पुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

पण म्हातारपण त्यालाही चुकलं नाही. "एप्रिलात एकदा वर जायचंय, पोरी," तो म्हणाला. "हरणांचे नर माजावर येऊन ओरडायला लागले की मला घरात बसवत नाही. आणि रायफलीची ही धोंड घेऊन आता चढवत नाही. हलकी करून दे."

तिने करून दिली. नळी कातून बारीक केली, लाकडी दस्ता आतून पोखरला. हलक्या रायफलीचे नखरे फार. बारीक नळी लगेच तापते, तापली की लाकडाला टेकते आणि गोळी भलतीकडेच जाते. ग्लेनिसने नळीखालचं लाकूड खरवडून कागदाची पट्टी सहज सरकेल एवढी फट ठेवली, मागचा लोखंडी भाग राळेत घट्ट बसवला, चाप मऊ केला, काडतुसांतली दारू कमीजास्त करून पाहिली. बार उडाला की अशी रायफल उसळते, म्हणून पुढचा भाग डाव्या हाताने दाबून धरायची सवय केली. तिकडचा उन्हाळा मार्चपर्यंत; तो सरता सरता चांदमारीच्या कागदावर तिच्या गोळ्या अशा पडू लागल्या की सगळी भोकं अंगठ्याखाली झाकावीत. थंड नळी असो की तापलेली, फरक पडेना.

मग लॅकी नेम धरून बसला. त्याची भोकं ताटभर पसरली.

त्याने उजवा हात खिशात घातला. हिवाळ्यापासून तो हात बहुतेक वेळ खिशातच असे, आणि कपबशी वाजते म्हणून चहा तो मगातून, दोन्ही हातांनी धरून पिई. "आत काहीतरी घासतंय," तो म्हणाला.

जन्मभर दुसऱ्यांना हसलेला माणूस रायफलीला दोष देत होता. ग्लेनिसने तिथेच खरं बोलायला हवं होतं. पण बापाचं तोंड एवढंसं झालेलं पाहून तिला बोलवेना.

"हो बाबा. माझंच राहिलंय. लाकूड फुगलंय."

"वाटलंच मला. कामात आईवर गेलीस, दुसरं काय." म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर ती नसलेला दोष दुरुस्त करत बसली. नुसता आवाज व्हावा म्हणून चांगल्या लाकडावर कानस फिरवायची. लॅकी तिकडे गुत्त्यात सांगत सुटला, "पोरीला काही जमत नाहीये बुवा." गिऱ्हाइकं चेष्टा करू लागली. एक-दोघांनी आपल्या रायफली परतही नेल्या. तिने तेही गिळलं.

एप्रिल तोंडावर आला. चांदमारीचा कागद आणायला ओढ्यापलीकडच्या कुंपणापर्यंत तीच जायची. एके दिवशी परतताना तिने बापाचा कागद बुटात कोंबला आणि स्वतः सकाळी मारलेला त्याच्या हातात ठेवला. लॅकी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग तो कागद त्याने स्वयंपाकघरात चहाच्या डब्याला टेकवून उभा केला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. वर गेल्यावर आपण बाबांना अगदी जवळ नेऊ, मग काय चुकणार, अशी ग्लेनिसने मनाची समजूत घातली. माया माणसाला इतकं बिनडोक करते.

डोंगरावर नर ओरडत होते. ओढ्यापलीकडच्या गवतात एक मोठा नर आडवा उभा राहिला. लॅकी पालथा पडला, पाठपिशवीवर रायफल टेकवली.

"बाबा, अजून जवळ जाऊ," ती कुजबुजली.

"कशाला? कागद पाहिलास ना तू?"

बार झाला. नराने पाठीची कमान केली. गोळी पोटात बसली होती. मागचे पाय ओढत तो वर सरकू लागला, थांबला, पुन्हा सरकला. लॅकीची दुसरी गोळी दगडांत गेली.

"नळी तापली," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

जखमी जनावर टाकून घरी यायचं नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याने रायफल पुढे केली. "तू मार."

तिने दुर्बिणीतून पाहिलं. मुद्दाम बाजूला मारलं असतं, तर दोष रायफलीवर गेला असता आणि बापाची अब्रू राहिली असती. नर मात्र कड्यापलीकडच्या झाडीत जाऊन तडफडत पडला असता. तिने पुढचा भाग डाव्या हाताने दाबून धरला आणि चाप ओढला. नर उभ्या जागी कोसळला.

लॅकीने नळीला हात लावून पाहिला.

"तापलेल्या नळीने मारलंस," मग तो म्हणाला.

"हो."

"तो कागद तुझा होता."

"हो, बाबा."

त्याने हात खिशातून बाहेर काढला आणि गुडघ्यावर तसाच थरथरू दिला. "मला सांगितलं असतंस तर मी घरात बसून रडलो असतो. एवढंच झालं असतं. त्या बिचाऱ्याला कशाला मध्ये घेतलंस?"

ती रडली, आणि त्याने तिला रडू दिलं. मग दोघं नराजवळ गेली. ग्लेनिसने सुरी चालवली, लॅकी त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. उतरताना रायफल तिच्याकडे होती.

शनिवारी तो गुत्त्यात गेला. नेहमीच्या टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ग्लेनिसची रायफल पहिल्यापासून सरळ होती. हे पाहा." त्याने हात सगळ्यांपुढे धरला. शेजारच्या ग्लासाला लागून तो किणकिणत राहिला. जन्मभर त्याने ज्यांची खिल्ली उडवली ते सगळे तिथे बसले होते. दारात उभ्या ग्लेनिसला वाटलं, कीव नको, यातल्या एकाने तरी आता हसावं, टोमणा मारावा, वाकडा म्हणावं. कोणी हसलं नाही. एकाने उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढली.